दोन अक्षरी शब्द : लेणे



जुन्नर तालुक्यातील एका गावच्या विहारात रविवारची वंदना झाली, चहापाणी झाले आणि मोठी माणसे घराकडे वळली. मुले मात्र सतरंजीवरून उठेनात. कोणीतरी आणलेल्या पेपरातले शब्दकोडे त्यांनी मधोमध पसरले होते. नववीतली एक मुलगी पेन घेऊन बसली होती आणि बाकीची तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. एका चौकटीपाशी गाडी अडली. खूण होती ‘अलंकार’. अक्षरे दोन. उभ्या शब्दातून पहिले अक्षर ‘ले’ मिळालेले.

“ले-ने कुठला दागिना असतोय?” मुलगी वैतागली.

भिंतीला टेकून तिची आजी बसली होती. आजीला सही येते, वाचता येत नाही. ती म्हणाली, “लेणं लिही की गं.”

“आजी, लेणं म्हंजे लेण्याद्रीचं लेणं! डोंगरातलं. ते काय अंगावर घालत्यात व्हय?”

“अगं, काजळ लेणं, कुकू लेणं. माझी सासू म्हणायची, अंगावर लेणं नाही म्हणून बाई काय उणी होत नाही.”

मुलीने ‘लेणे’ लिहिले. चौकट बसली. पुढचे दोन उभे शब्दही आपोआप सुटले. मुले पुढे गेली. आम्ही मात्र तिथेच अडकलो. नातीला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि आजीच्या ओठावर दुसराच होता. दोघी एकत्र बसल्या म्हणून तो शब्द पुरा झाला. एरवी नातीने चौकट कोरी सोडली असती, आणि आजीला तर कोणी विचारलेही नसते.

म्हणून या वेळी आम्ही ठरवले की, अनेक अर्थांच्या शब्दांवर खेळणारी कोडी कशी सोडवावीत, ते घरातल्या सर्वांना सांगावे. विषय करमणुकीचा आहे. पण वाचकांनी शेवटपर्यंत यावे अशी विनंती आहे, कारण हा विषय आपल्याला जुन्नरच्या डोंगरापर्यंत आणि महाडपर्यंत घेऊन जाणार आहे.

खुणेतला सांधा शोधा

शब्दकोडे हा खेळ तसा परका. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन यांनी पहिले चौकटींचे कोडे छापले, असे सर्वत्र मानले जाते. पण चौकटी परक्या असल्या तरी शब्दाला दोन तोंडे असतात हे आपल्या माणसांना कोणी शिकवायची गरज नव्हती. जात्यावर बसलेल्या बायकांचे उखाणे, कलगी-तुऱ्याच्या फडात समोरच्या शाहिराला घातलेले भेदिक सवाल, तमाशातली बतावणी, हे सगळे त्याच मातीतले. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथल्या फडात सोंगाड्या एक शब्द टाकतो, लोक आधी एक अर्थ घेतात, मग दुसरा उमगतो आणि हशा पिकतो. शाळेच्या पुस्तकात यालाच श्लेष अलंकार म्हणतात. दहावीच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता रीत सांगतो. समजा खूण आहे : ‘पैलतीराला नेणारी ओळख (२)’. कंसातला आकडा अक्षरांचा. पहिल्या वाचनाला वाटते, कुणी ओळखीचा माणूस नदीपार नेतो आहे. हाच फसवा अर्थ. खूण करणाऱ्याने ती मुद्दाम अशी जोडली आहे की वाक्य सरळ वाचावे आणि आपण चुकावे. म्हणून वाक्याचा सांधा शोधायचा. ‘पैलतीराला नेणारी’ हा एक तुकडा, ‘ओळख’ हा दुसरा. पैलतीराला नेते ती नाव. माणसाची ओळख म्हणजेही नाव. दोन्ही तुकडे एकाच शब्दावर आले, उत्तर पक्के झाले.

तसेच ‘गळ्यातला पराभव’ म्हणजे हार. ‘डोक्यावरचा नवरा’ म्हणजे वर. ही खूण ऐकून विहारातल्या बायका पोट धरून हसल्या. ‘हातावरचा सरकारी बोजा’ म्हणजे कर, कारण कर म्हणजे हातही आणि सरकारी पट्टीही.

दुसरी युक्ती अशी की नामाला क्रियापद करून पाहावे. मराठीत आज्ञा द्यायला धातू तेवढाच पुरतो. त्यामुळे कर, मान, माळ, फोड, चाल, वळ हे सगळे शब्द वस्तूही आहेत आणि हुकूमही आहेत. ‘चाल’ घ्या. भीमगीताला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, फौज चाल करून जाते, आणि थकलेल्या पोराला आपण म्हणतो, ‘चाल!’ एका शब्दाची चार घरे झाली. ‘जाते’ हा शब्द तर याहून मजेदार. खूण अशी : ‘एका जागी बसलेले, तरी म्हणतात ती निघाली (२)’. घरातले दगडी जाते जागचे हलत नाही, आणि ‘ती जाते’ म्हटले की निघालीच.

तिसरी युक्ती शब्द तोडून पाहण्याची. ‘पणती पेटव म्हटले, तर सूर्यच उगवला (४)’. उत्तर ‘दिवाकर’. दिवा कर!

चौथी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकाच घरात. त्यामुळे उभा आणि आडवा शब्द जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वेलांटी चुकली की दोन्ही शब्द मोडतात. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्ताची नाडी. दिन म्हणजे दिवस, आणि दीन म्हणजे गरीब, लाचार. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. ‘धम्मचक्र प्रवर्तन दीन’, ‘महापरिनिर्वाण दीन’ असे फलक आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहेत. ज्या महामानवाने आपले दीनपण घालवले, त्याच्या नावाच्या फलकावर आपणच ‘दीन’ लिहावे, याला काय म्हणावे? कोड्याची सवय असलेल्या मुलाच्या हाती रंगाचा ब्रश दिला तर ही चूक होणार नाही.

कष्टाच्या शब्दांची कोडी

पेपरातली कोडी करणारे बहुधा पुस्तकी शब्द घेतात. आपल्या घरात मात्र कामाधंद्याचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांना पुष्कळ अर्थ आहेत.

नारायणगाव, ओतूर, मंचरच्या बाजारात कांदा-टोमॅटो उतरवणारा माणूस ‘पट्टी’ म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब समजतो. त्याच्या मुलाला पट्टी म्हणजे रेघ मारायची. दवाखान्यात पट्टी म्हणजे जखमेवर बांधायची. विहारात भीमगीत गाणाऱ्याला पट्टी म्हणजे काळी दोन की पांढरी चार. कारखान्यात जाणाऱ्याला ‘पाळी’ म्हणजे पहिली, दुसरी, रात्रपाळी. सोनाराला कानाची पाळी. बायकांची महिन्याची पाळी, जिच्याबद्दल आपल्या घरात अजूनही कुजबुजून बोलतात आणि जिच्यात विटाळ मानण्यासारखे काहीही नाही. रांगेत उभ्या असलेल्याला पाळी म्हणजे आपला नंबर.

आणि ‘उचल’. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुकादम हंगामाआधी पैसे देतो ती उचल. पण ‘उचल’ हा हुकूमही आहे. आधी पैशाची उचल घ्यायची आणि मग सहा महिने मुकादमाने म्हणायचे, ‘मोळी उचल!’ दोन्ही अर्थ एका शब्दात कसे गाठ मारून बसले आहेत पाहा. ज्याला पहिलाच अर्थ दिसतो तो आनंदाने अंगठा उठवतो. ज्याला दुसराही दिसतो तो आधी विचारतो, फेड कशी धरणार, दर टनाचा की दिवसाचा, खाडा पडला तर किती कापणार?

आम्ही याच कारणासाठी कोड्याला नुसता खेळ म्हणत नाही. पहिला अर्थ पुढे करून दुसरा झाकणे हे कोडे करणाऱ्याचे कसब असते, आणि फसवणाऱ्याचेही.

खरी खूण आणि खोटी खूण

इथे एक इशारा द्यायला हवा. घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, १९४० आणि १९५० च्या दशकांत बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे मोठे वेड होते. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे आणि हजारो रुपयांच्या आशेवर बसायचे. गिरणीतल्या पगारातून लोक कूपने भरत. मुंबई राज्याने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. पुढे १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धा कायदा केला. महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना त्यात मनाई झाली, त्याखालच्या स्पर्धांना परवाना लागू लागला, आणि प्रवेशिकांची मर्यादा २,००० ठेवली गेली. या कायद्याला आव्हान दिले गेले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात निकाल दिला. हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे, ज्यात खरोखर कौशल्य लागते त्यांना नाही, असे न्यायालयाने सांगितले.

शब्दकोडे हा नशिबाचा खेळ कसा होऊ शकतो? वाचकहो, हेच समजून घेण्यासारखे आहे. समजा खूण आहे, ‘गरिबाला आधी हा हवा (२)’. उत्तर ‘मान’ की ‘दाम’? दोन्ही शोभतात. ‘मान’ लिहिणारा शहाणा आणि ‘दाम’ लिहिणारा वेडा असे कोण म्हणेल? पण संयोजकाने आधीच एक उत्तर ठरवून ठेवलेले असते आणि तेच बरोबर धरले जाते. अशा दहा खुणा एका कोड्यात घातल्या की बुद्धी संपली आणि मटका सुरू झाला.

खरी खूण याच्या उलट असते. तिच्यात अर्थ दोन असतात, पण उत्तर एकच निघते. ‘पैलतीराला नेणारी’ आणि ‘ओळख’ या दोन वाटांनी गेलो तरी ‘नाव’ याच घरी पोचतो. दुसरा अर्थ हा पहिल्याचा साक्षीदार असतो. साक्ष जुळली की उत्तर बरोबर आले हे आपले आपल्यालाच कळते. संयोजकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आजही मोबाइलवर पैसे लावून शब्द जुळवायचे खेळ कुणी दाखवले तर हीच कसोटी लावा. आमचे सांगणे एवढेच की कोड्यावर एक पैसाही लावू नका. डोके लावा, तेवढे पुरे आहे.

तथागतांनी घातलेले कोडे

दोन अर्थांच्या शब्दाचे सर्वांत धीट कोडे कुठे सापडते, असे कुणी विचारले तर आम्ही धम्मपद पुढे करू. धम्मपदाच्या सातव्या वग्गात, म्हणजे अर्हंत वग्गात, ९७ वी गाथा आहे. नुसती ऐकली तर कानावर विश्वास बसत नाही. ज्याला श्रेष्ठ पुरुष म्हटले आहे, त्याचे वर्णन शिव्यांनी केले आहे असे वाटते.

त्यातला एक शब्द ‘अस्सद्ध’. सरळ अर्थ श्रद्धाहीन. दुसरा अर्थ असा की जो कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाही, स्वतः जाणून मानतो. दुसरा शब्द ‘अकतञ्ञू’. सरळ अर्थ कृतघ्न, केलेले न जाणणारा. तोच शब्द वेगळा फोडला की ‘अकत’ जाणणारा, म्हणजे जे कुणी घडवलेले नाही ते निब्बाण जाणणारा. तिसरा शब्द ‘संधिच्छेद’. सरळ अर्थ घरफोड्या, भिंतीचा सांधा फोडून चोरी करणारा. दुसरा अर्थ भवाचा सांधा तोडणारा, बंधन तोडणारा. ऐकणारा आधी दचकतो, मग थांबतो, मग शब्द उलटून पाहतो. जो पहिल्या अर्थावरच रागावून उठून गेला, त्याला उत्तर मिळाले नाही. जो बसून राहिला त्याला मिळाले.

तथागतांची ही रीत त्रिपिटकात अनेक ठिकाणी दिसते. सुत्तनिपातात एक शेतकरी ब्राह्मण त्यांना सुनावतो की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. तथागत म्हणतात, मीही शेतकरीच आहे; आणि आपले बी कोणते, नांगर कोणता, पीक कोणते ते सांगतात. त्याच ग्रंथात वसल सुत्त आहे. श्रावस्तीत अग्निभारद्वाज त्यांना ‘वसल’ म्हणजे नीच, अस्पृश्य म्हणून दारातच थांबवतो. तथागत त्याला विचारतात, वसल कोणाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे का? आणि मग तो शब्द जन्मावरून काढून कर्मावर ठेवतात. वसल कोण, तर जो तसे वागतो तो. ज्या शब्दाने दुसऱ्याला हाणायचे होते, तो शब्दच त्यांनी हाणणाऱ्याच्या हातातून काढून घेतला. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना असेच शब्द ऐकावे लागले आहेत. ‘जात’ हा शब्द मराठीत ‘जाणे’ या क्रियापदातही आहे, आणि जी जात नाही ती जात, असे आपल्याकडे म्हणतात. या कडू विनोदाचे उत्तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दिले आहे.

बाबासाहेबांना या धोक्याची पूर्ण जाणीव होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात एक अख्खा भाग याच विषयावर आहे. शब्द सारखे दिसले तरी त्यांच्या आड मूलभूत फरक कसा लपतो, हे त्यांनी तिथे दाखवले. कर्म, पुनर्जन्म, अहिंसा हे शब्द दोन्हीकडे आहेत, पण आतला माल वेगळा आहे. शब्द ओळखीचा वाटला म्हणून अर्थही ओळखीचा धरू नका, हा त्या भागाचा धडा. म्हणून तर त्यांनी ‘धर्म’ असे न म्हणता ‘धम्म’ म्हटले. बाबासाहेब स्वतः पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करीत होते. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात छापले. ज्या माणसावर देशाच्या घटनेचे ओझे होते, तो शब्दांच्या अर्थासाठी असा बसत होता, हे मुलांना जरूर सांगावे.

पुन्हा ‘लेणे’

आता आजी-नातीच्या चौकटीकडे वळू.

डोंगरातले ‘लेणे’ हा शब्द पाली-प्राकृत ‘लेण’ याच शब्दापासून आला. लेण म्हणजे आसरा, निवारा, जिथे निवांत राहता येते ती जागा. विनयपिटकात भिक्खूंना पाच प्रकारच्या लेणांत राहण्याची परवानगी आहे आणि त्यांत गुहा ही एक आहे. म्हणजे लेण हा शब्द गुहेहून मोठा. त्याहून मोठी गोष्ट अशी की संयुत्तनिकायात निब्बाणाला जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत ‘लेण’ हे नाव आहे. आसरा, आणि शेवटचा आसरा.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे चढून येत, तेव्हाची ही दाने आहेत. कोणी दिली? भिंतीवरच्या ब्राह्मी लिपीतल्या शिलालेखांत नावे आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. इरिल, चिट आणि चंद या यवनांची म्हणजे परदेशी माणसांची दाने आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचे दान मानमोडीला आहे, त्यावर ४६ हे वर्ष आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणीही लेखांत येते. दानाची रक्कम त्यांच्याकडे ठेवलेली होती. बांबूकाम करणाऱ्याला तिथे ‘वसकार’ म्हटले आहे, म्हणजे वंशकार. वंश म्हणजे बांबू! पुढे आपल्या समाजात वंश शब्दाचा कुळ-खानदान एवढाच अर्थ उरला आणि बांबू सोलणाऱ्या हातांना खालचे ठरवले गेले. त्या लेखांत मात्र संघाच्या दानाची ठेव त्या हातांवर विश्वासाने सोपवलेली आहे.

आणि आता नावे पाहा. लेण्याद्रीचा एक विहार आज गिरिजात्मज म्हणून अष्टविनायकांत मोजला जातो. मानमोडीच्या लेण्यांना भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग अशी नावे पडली. तिथे श्रद्धेने जाणारे लोक आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण तो कोड्यातला दुसरा अर्थ आहे. पहिला अर्थ दगडात कोरलेला आहे, आणि तो वाचणारा आपल्या घरात तयार व्हावा ही आमची इच्छा आहे. मुलांना घेऊन जा. तिथे स्तूपासमोर बसा. खडू-कोळशाने नाव लिहू नका. दोन हजार वर्षे टिकलेल्या नावांच्या शेजारी आपले नाव लावण्याचा मान असा मिळत नसतो.

राहिला आजीचा अर्थ, दागिना. याही अर्थाला आपल्या घरात इतिहास आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब महिलांशी बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, अंगावरच्या जाड, हलक्या दागिन्यांचा भार उतरवा, असे त्यांनी सांगितले. कारण ते लेणे अलंकार नव्हते, खूण होती. दुरूनच जात कळावी यासाठीची खूण. आपल्या पणज्या-आज्यांनी ती उतरवली. ‘अंगावर लेणं नाही म्हणून बाई उणी होत नाही,’ हे आजीच्या सासूचे बोल आम्हाला त्याच सांध्यावर बसलेले वाटतात.

तर वाचकहो, दोन अक्षरांच्या एका शब्दात एवढे निघाले. एका अर्थाचे लेणे आपल्या बायकांनी उतरवून ठेवले आणि दुसऱ्या अर्थाचे लेणे, म्हणजे आसरा, आपल्याला १९५६ साली परत मिळाले. दोन वाटा, घर एकच. खऱ्या खुणेची ही कसोटी आपण वर पाहिलीच आहे.

आम्ही त्या मुलीला एवढेच सुचवले की कोडे सोडवताना आजीला जवळ बसव. जुने शब्द आजीकडे आहेत, वाचायचे कसब तुझ्याकडे आहे. आजी म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं?” पण पुढची खूण मुलीने मोठ्याने वाचली तेव्हा ती सरकून सतरंजीच्या मधोमध आली होती.

घरच्यांसाठी आठ खुणा

रात्री जेवणे झाल्यावर एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी सांगावे. उत्तरे खाली आहेत, आधी पाहू नका.

१. डॉक्टरांनी घातले, भिक्खूंसाठी खोदले (२)
२. शाळेत भरतो, बँकेत करतात, गणितात काढतात, धम्मपदात २६ आहेत (२)
३. भिक्खूच्या हाती, नदीच्या पोटी, नाटकात बोलते. सवलतीलाही असावे लागते (२)
४. बुद्धवचनांची भाषा भिंतीवर सरपटते (२)
५. नदीला पायऱ्या, डोंगरात वाट, भांड्याला आकार (२)
६. डोंगरावर उभा, रस्त्यावर धावते (४)
७. तालुका जमिनीवर, मूळ गाव पाण्याखाली (४)
८. कुळाचा बांबू (२)

उत्तरे : १. टाके. २. वर्ग (पालीत वग्ग). ३. पात्र. ४. पाली. ५. घाट. ६. शिवनेरी (गड आणि एस.टी.ची गाडी, गडाच्या पोटात बौद्ध लेणी आहेत हे विसरू नये). ७. आंबेगाव (जुने गाव डिंभे धरणात गेले, तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे). ८. वंश.

आपल्या घरातही असे दोन-तीन अर्थांचे शब्द असतील, विशेषतः कामाच्या ठिकाणचे आणि आजी-आजोबांच्या तोंडचे. एका वहीत लिहून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर ‘लेणे’ लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!